कोल्हापुरात टॅरोवाले कुणी आहेत का? आणि पहिला डेक कोणता घ्यावा?

शाहूपुरीकरीण
नमस्कार मंडळी. बरेच दिवस टॅरोबद्दल, म्हणजे भविष्य बघायला वापरतात त्या चित्रांच्या पत्त्यांबद्दल वाचतेय, व्हिडिओ बघतेय, पण पत्ते अजून हातात घेतलेले नाहीत. दोन गोष्टी विचारायच्या आहेत.

कोल्हापुरात किंवा जवळपास सांगली-इचलकरंजीला कुणी हौशी मंडळी आहेत का? हौशी म्हणजे पैसे घेऊन भविष्य सांगणारे नव्हेत. पत्ते मांडून, चित्रं बघून गप्पा मारणारे. पुण्या-मुंबईकडे असे गट भेटतात म्हणे. इथे मैत्रिणीला विचारलं तर म्हणाली, "आधी अंबाबाईला जाऊन ये, मग बघू."

आणि डेक, म्हणजे पत्त्यांचा संच. ऑनलाइन बघायला गेलं की मांजरांचा, मशरूमचा, सोनेरी कडांचा, काय वाट्टेल ते. सगळे रायडर-वेट घ्या म्हणतात, पण ती चित्रं मला जुन्या कॅलेंडरावरची वाटतात. दिसायला आवडेल तो घेतला तर चालतो का? बजेट दीड हजार. शिवाय पहिला डेक स्वतः विकत घ्यायचा नसतो, कुणीतरी भेट द्यावा लागतो, हे खरं आहे का? असेल तर आमच्या घरचे सात जन्मांत देणार नाहीत.

तांबडा_पांढरा
पत्ता पाठवा, मी देतो भेट. बदल्यात एक मटण ताट. व्यवहार एकदम क्लिअर.

निशिगंध
भेटीचं डोक्यातून काढून टाका. असा नियम कुठेही नाही. ज्यांच्याकडे डेक वापरून मऊ झालेले बघितलेत, त्यांनी ते स्वतःच घेतले होते.

रायडर-वेट जुनाट दिसतो, मान्य. तरी सगळे तोच का सुचवतात ते सांगते. १९०९ च्या डिसेंबरात लंडनच्या रायडर प्रकाशनाने तो काढला. योजना ए. ई. वेट यांची, चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांची. त्याआधी मार्सेय या जुन्या फ्रेंच पद्धतीचे डेक चालायचे. त्यांत मेजर अर्कानाचे, म्हणजे रंगांबाहेरचे २२ मोठे पत्ते आणि राजा-राणी वगैरे सचित्र, बाकी मायनरचे, म्हणजे चार रंगांतले साधे पत्ते आपल्या खेळायच्या पत्त्यांसारखे. पाच पेले म्हणजे पाच पेले, विषय संपला. पामेलाबाईंनी या साध्या पत्त्यांवरही माणसं आणि प्रसंग आणले. फाइव्ह ऑफ कप्स काढून बघा. काळा झगा पांघरलेला माणूस, समोर सांडलेले तीन पेले, आणि पाठीमागे दोन पेले उभे आहेत, पण त्याची नजर तिकडे नाही. पुस्तक न उघडता चार वाक्यं सुचतात की नाही? नवशिक्याला एवढंच हवं असतं.

मांजर-मशरूमवाले डेकसुद्धा बहुतेक याच चित्रांवर बेतलेले असतात. मूळ माहीत असलं की मांजर काय करतंय ते कळतं.

विदूषक_०
निशिगंधताईंशी असहमत. जुनाट वाटतंय तर जबरदस्तीने तेच का गिळायचं? थॉथ नावाचा डेक बघा. अलेस्टर क्राउली या इंग्रज गूढवाद्याच्या कल्पनेवरून लेडी फ्रीडा हॅरिस यांनी १९३८ ते १९४३ या काळात रंगवला. पत्त्यांच्या रूपात बाजारात आला १९६९ ला, तेव्हा दोघंही हयात नव्हते. रंग आणि भूमिती अशी की भिंतीवर फ्रेम करून लावावं. माझा पहिला डेक तोच, काही अडलं नाही.

निशिगंध
@विदूषक_०, सुंदर आहे, वाद नाही. पण थॉथमध्ये छोट्या पत्त्यांवर अर्थ छापलेलाच असतो. तीन तलवारींखाली 'दुःख' असं लिहिलेलं आहे म्हटल्यावर नवीन माणूस चित्र बघायचं सोडून शब्दच वाचत बसतो. त्यात दरबारी पत्ते वेगळे. राजा नाहीच, घोडेस्वार सगळ्यात वर, खाली राजपुत्र-राजकन्या. वेटने मेजरमधल्या जस्टिस आणि स्ट्रेंग्थ या पत्त्यांची अदलाबदल करून स्ट्रेंग्थ ८ वर आणि जस्टिस ११ वर नेली, थॉथमध्ये ते क्रम पुन्हा जुन्यासारखे, वर नावंही बदललेली. व्हिडिओ एकाचे आणि पत्ते दुसऱ्याचे असं झालं की बिचारी वैतागून सोडून देईल.

विदूषक_०
वैतागली तर डेक मला विकावा. विषय मिटला :)

चिकित्सक
मजा किरकिरी करायची नाही, पण कुणीतरी म्हणायला हवं. बर्ट्रम फोरर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये आपल्या विद्यार्थ्यांना 'तुमचं वैयक्तिक विश्लेषण' म्हणून एकच मजकूर सगळ्यांना वाटला. बहुतेकांनी तो आपल्याला तंतोतंत लागू आहे असं सांगितलं. पत्त्यांचं तेच होतं. "तुम्ही लोकांसाठी खूप करता पण त्याची कदर होत नाही" हे बिंदू चौकात उभं राहून कुणालाही सांगा, मान डोलवणारच. ज्या गावाने शाहू महाराजांचा विचार बघितला तिथे परत हे कशाला?

जुना_पेठकरी
चिकित्सकराव, परत म्हणजे? गेलं कधी होतं? आमच्या लहानपणी पोपटवाला बसायचा. पिंजऱ्याचं दार उघडलं की पोपट ऐटीत बाहेर यायचा, पाकिटांच्या चळतीतून एक ओढून द्यायचा आणि दाणा घेऊन आत. पहाटे पिंगळा यायचा तो वेगळा. आमची आई पोपटवाल्याला पैसे द्यायची आणि ऐकायची मात्र स्वतःच्या मनाचंच. शाहू महाराजही इथलेच आणि पोपटही इथलाच.

तांबडा_पांढरा
पोपट सर्टिफाइड रीडर होता का? की नुसता डिप्लोमा?

ढगाळ_संध्याकाळ
@चिकित्सक, फोररचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे आणि तरी मी रोज एक पत्ता काढतो. उद्या काय होणार हे बघायला नाही. रात्री डायरी लिहायला बसलं की डोकं कोरं असतं. समोर एक चित्र असलं की लिहायला धागा मिळतो. परवा सिक्स ऑफ स्वॉर्ड्स आला. नाव, नावेत डोक्यावरून पदर घेतल्यासारखी बाई, शेजारी मूल, मागे नावाडी, आणि सहा तलवारी नावेतच रोवलेल्या. गाव सोडलं तरी ओझं बरोबरच आहे. माझी बदली रत्नागिरीहून इकडे झाली त्यावर दोन पानं लिहून झाली. यात भविष्य कुठे आलं?

चिकित्सक
तसं असेल तर माझी काहीच तक्रार नाही. माझा राग कुणावर आहे ते सांगतो. आमच्या नात्यातल्या एका काकूंना अशाच एका 'रीडर'ने फोनवर सांगितलं की घरावर कुणीतरी करणी केलीय, पत्त्यांत स्पष्ट दिसतंय. उतरवायचे एवढे, परत दिसलं तर अजून एवढे. काकांच्या औषधांचे पैसे तिकडे गेले. डेथ (मृत्यू) आणि टॉवर (कोसळता मनोरा) हे दोन पत्ते दाखवले की माणूस हवालदिल होतो हे त्यांना बरोबर ठाऊक असतं.

निशिगंध
हे ऐकून संताप आला. असे लोक आहेत, आणि ते सगळ्यात जास्त जाहिरात करतात. शाहूपुरीकरीण, आपला गट जमलाच तर पहिल्या दिवशी ठरवून टाकू या: आजारपण, मरण, कोर्टकचेरी, दुसऱ्याच्या नवऱ्याचं लफडं, यातलं काही विचारायचं नाही, आणि पैशाचा व्यवहार अजिबात नाही.

मंगळवार_पेठ_एक्सप्रेस
दुसऱ्याच्या नवऱ्याचं काढून टाकलं तर विचारायला उरलं काय 😀

खिळे_जुळारी
छपाईच्या धंद्यात आहे, टॅरोतलं काही कळत नाही, पण बायको काढते म्हणून पत्ते पुष्कळ हाताळलेत. शाहूपुरीकरीण, बजेट दीड हजार आहे तर तीन-चारशेवाल्या 'ऑफर'ला भुलू नका. एका विक्रेत्याकडून आमच्याकडे आलेला असाच एक डेक सांगतो. पत्ते मूळ मापापेक्षा लहान, कागद पातळ आणि वर भसाभस चकचकीत लॅमिनेशन, त्यामुळे पिसताना एकाला एक चिकटतात. पुस्तिका नाही, तिच्या जागी एक क्यूआर कोड. चित्राच्या कोपऱ्यात पामेलाबाईंच्या आद्याक्षरांची वेलबुट्टीसारखी सही असते, ती इथे नुसता डाग. छापील चित्राचं स्कॅन करून परत छापलं की बारीक रेघा अशाच मरतात. विकत घ्यायच्या आधी लोकांनी टाकलेले फोटो मोठे करून ती सही बघा.

नेहमीचं माप साधारण ७० बाय १२० मिलिमीटर. हे आपल्या रमीच्या पत्त्यांपेक्षा चांगलंच मोठं आहे. हात लहान असेल तर पिसताना तारांबळ होते. टेबलावर सगळे पसरून दोन्ही हातांनी कालवायचे आणि परत गोळा करायचे, कोपरे दुमडत नाहीत. सोनेरी कडा दिसायला झकास, पण नव्या असताना पत्ते चिकटतात आणि वापरात सोनं बोटाला लागतं.

विदूषक_०
@खिळे_जुळारी, मग हे स्वस्तवाले म्हणजे चोरीच ना?

खिळे_जुळारी
सगळंच नाही. पामेलाबाई १९५१ ला वारल्या, वेट त्याआधीच १९४२ ला. आपल्याकडे हक्क मृत्यूनंतर ६० वर्षं. म्हणजे १९०९ ची मूळ चित्रं इथे आता कुणीही छापावीत. पण आजच्या चित्रकाराने काढलेला मांजरांचा डेक कुणी तसाच मारला तर ती उघड चोरी. त्या माणसाने वर्ष-दोन वर्षं घालून ७८ चित्रं काढलेली असतात.

पॅलेटनाइफ
पामेलाबाईंचा विषय निघाला म्हणून. चित्रकलेची विद्यार्थिनी आहे. हा डेक इतकी वर्षं 'रायडर-वेट' म्हणून विकला गेला, म्हणजे प्रकाशकाचं नाव आहे, योजना करणाऱ्याचं आहे, जिने काढला तिचंच नाही. आता कुठे लोक 'रायडर-वेट-स्मिथ' म्हणायला लागलेत. तिला यातून मोबदला अगदी किरकोळ मिळाला आणि ती कर्जातच गेली. आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर यांच्या गावात तरी चित्रकाराचं नाव घेऊन बोला ही विनंती.

आणि ती चित्रं 'जुनाट' नाहीत हो! पामेला नाटकातली होती, रंगमंचाची सजावट आणि पोशाख केलेली. कितीतरी पत्त्यांत माणसं सपाट स्टेजसारख्या जमिनीवर उभी आहेत आणि मागे पडदा टांगल्यासारखा देखावा. एकदा ते दिसलं की सगळा डेक वेगळा दिसायला लागतो. तुम्हाला खटकतोय तो बहुधा भडक रंग. त्याच चित्रांची फिक्या, मातकट रंगातली शताब्दी आवृत्ती निघालीय, स्मिथ-वेट सेंटेनियल नावाने. ती शोधा.

शाहूपुरीकरीण
@पॅलेटनाइफ, आत्ता बघितली. हे एकदम वेगळंच आहे! जुन्या कॅलेंडरचं विधान मागे.

गडहिंग्लजची_सून
एवढ्या लांब लंडनला कशाला जाताय, आपला आंबोली घाट उतरला की सावंतवाडी. तिथल्या दशावतारी गंजिफा बघितल्यात का कुणी? गोल पत्ते, हाताने रंगवलेले, वर लाखेचा हात. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि दहा साधे, एकूण १२०. मत्स्याच्या रंगात मासे, कूर्माच्या रंगात कासवं मोजायची. दिवसा खेळलं तर रामाच्या राजापासून सुरुवात, रात्री कृष्णाच्या. राजवाड्यात कारागीर बसून काम करताना दिसतात. मी दोनदा तासभर नुसती बघत उभी होते, नवरा गाडीत हॉर्न वाजवतोय.

यावरून टॅरो काढता येईल का?

निशिगंध
का नाही! टॅरोसुद्धा मुळात खेळच होता. पंधराव्या शतकात इटलीत, मिलानच्या दरबारात वगैरे, हाताने रंगवलेले पत्ते घेऊन लोक डाव खेळायचे. भविष्याशी त्याची गाठ ठळकपणे पडली ती अठराव्या शतकात फ्रान्समध्ये. १७८१ ला कूर द जेबलाँ नावाच्या गृहस्थाने हे प्राचीन इजिप्तचं ज्ञान आहे असं ठोकून दिलं, पुरावा काही नाही. फ्रान्समध्ये आजही टॅरोचे डाव रंगतात, भविष्य न बघता.

जुना_पेठकरी
म्हणजे आम्ही कट्ट्यावर खेळतो तेच. घरी सांगतो आता, जुगार नव्हे, साधना चाललीय.

ढगाळ_संध्याकाळ
पेठकरीकाका, गंमत नाही, साध्या पत्त्यांवरही सराव होतो. बदाम म्हणजे कप्स, इस्पिक तलवारी, चौकट पेंटॅकल्स (नाणी), किलवर वाँड्स (काठ्या), ही जोडी बरेचजण लावतात. टॅरोच्या प्रत्येक रंगात एक दरबारी पत्ता जास्त, म्हणून ५२ ऐवजी ५६. वर २२ मेजर. डेक येईपर्यंत शाहूपुरीकरीण यांनी घरातल्या पत्त्यांवर हात बसवावा. घरी कुणी विचारलं तर बदाम सात.

मंगळवार_पेठ_एक्सप्रेस
ते सगळं झालं, भेटायचं कुठं ते बोला की. मी येतो. रविवारी सकाळी रंकाळ्यावर, गवतावर चादर टाकू.

तांबडा_पांढरा
रंकाळ्याच्या वाऱ्यात ७८ पत्ते? अर्धं भविष्य पाण्यात जाईल भावा. आणि चार माणसं गोल बसून पत्ते मांडतायत म्हटल्यावर पाचवा 'माझा पण डाव' म्हणत येणार, सहावा पोलीस.

शाहूपुरीकरीण
@मंगळवार_पेठ_एक्सप्रेस, दादा, धन्यवाद. पण एक विचारू का, गटात बायका किती आहेत? अनोळखी लोकांना पहिल्यांदाच भेटायचं म्हणून.

मंगळवार_पेठ_एक्सप्रेस
दादा कुठला, ताई आहे मी! कोल्हापूरची बाई 'येतो'च म्हणणार की. पाच दीर, तीन नणंदा, दोन म्हशी, सगळं सांभाळून येतो.

निशिगंध
😂 हे सगळ्यात भारी. मी पण बाईच, गडहिंग्लजची_सून आहेत, पॅलेटनाइफ आहे. पहिली भेट कुणाच्या घरी नको, संध्याकाळ नको. राजारामपुरीत एखाद्या मोठ्या टेबलाच्या कॅफेत, दुपारी चार वाजता. तिथे त्या वेळी गर्दी नसते, आणि आपण चहा-कॉफी मागवत राहिलो तर कुणी उठवत नाही.

आणि आता जरा मूळ प्रश्नावर. आपण सगळे तिला दोन दिवस डेक सुचवतोय, पण तिने एकही हातात धरलेला नाही. प्रत्येकाने आपापला डेक घेऊन या. रायडर-वेट-स्मिथ माझा, थॉथ विदूषकांचा. तिला पिसू दे, पालथे ठेवू दे, चार पत्ते उलटून काय दिसतं ते बोलू दे. ज्या डेकवर ती आमच्याकडे न बघता बोलायला लागेल तो तिचा.

विदूषक_०
मान्य. पण माझा डेक हाताळायच्या आधी हात धुवायचे. वडे खाऊन थॉथला हात लावलेला चालणार नाही.

पॅलेटनाइफ
माझ्याकडे मार्सेयचा एक जुना संच आहे, तोही आणते. त्यातल्या तेराव्या पत्त्यावर नावच नाही, नुसता हाडांचा सांगाडा विळा चालवतोय. काहीच सांगत नाही, तरी नजर हटत नाही. निशिगंधताई म्हणतात तेवढे ते 'विषय संपला' नाहीत, भेटल्यावर भांडू.

चिकित्सक
मला यायची परवानगी आहे का? पत्ते काढणार नाही. कोपऱ्यात बसून कॉफी पिईन आणि कुणी 'ऊर्जा' म्हटलं की खोकेन.

निशिगंध
या की. तुमच्यासारखा एक माणूस टेबलावर असला की बाकीचे जपून बोलतात.

शाहूपुरीकरीण
ठरलं तर मग, येत्या रविवारी चार वाजता. कॅफेचं नाव इथे न लिहिता ज्यांनी हो म्हटलंय त्यांना मेसेज करते. डेक तोवर घेत नाही. सेंटेनियल कार्टमध्ये टाकून ठेवलाय एवढंच, आणि आईला सांगितलंय की चित्रकलेचा वर्ग आहे.

वस्त्रनगरीची_वैशू
उशिरा वाचलं. इचलकरंजीहून यायचंय. मुलगा आठ वर्षांचा आहे, त्याला कुणाकडे ठेवता येणार नाही. आणला तर चालेल का? पत्ते दिसले की लगेच वाटायला घेतो.

ढगाळ_संध्याकाळ
आणा हो. टेबलावर कुणीतरी नीट वाटणारा हवाच, आम्हा सगळ्यांचे पत्ते खाली पडतात.